पंचनाम्याविना थरार

गेल्या वर्षभरात हाती आलेल्या बहुतेक नव्या मराठी थरारकादंबऱ्यांत खून मुंबईतल्या उंच इमारतीत होतो, तपासाला एकटा, दारूत बुडालेला इन्स्पेक्टर येतो आणि शेवटच्या दहा पानांत मनोविकृत खुनी आपणहून सगळे सांगून टाकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचे कलम ३०२ जाऊन १०३ आले. आजच्या काळात घडणाऱ्या या गोष्टींतल्या पोलिसांना त्याची खबरही नसते. लेखकाने ठाण्याची पायरी चढलेली नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात कळते आणि पुस्तकाची पकड सुटते ती सुटतेच.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने पिढ्यांना वाचायला शिकवले, ते ऋण मान्य. गुरुनाथ नाईकांकडे वेग होता, वेगापलीकडे फारसे काही नव्हते. सुहास शिरवळकरांचे संवाद अजून ताजे आहेत, त्यांची नक्कल करणारे मात्र शिळे. रॉबिन कुक, ग्रिशॅम यांचे अनुवाद मेहतांनी घरोघर पोचवले. वाचकांचे भले झाले, पण आपल्या लेखकांना आयते साचे मिळाले.

मला बोलायचे आहे ते बाबा कदमांच्या वाटेबद्दल. हा माणूस कोल्हापूरचा, सरकारच्या बाजूने कोर्टात उभा राहिलेला वकील. ‘पाच नाजूक बोटे’ लिहिणाऱ्या या लेखकाला समीक्षकांनी ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारले. वाडे, घोडे, शिकार यांचा सोस त्यांना होता, भाबडेपणाही होता. पण गुन्हा कुठे घडतो, फिर्याद कोण देतो, साक्षीला उभा राहिलेला माणूस कशाला घाबरतो, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होते. आपल्याकडच्या रहस्यकथेचा कणा तिथे होता आणि तो कुणी पुढे नेला नाही.

एक निवेदन पंचनामाच घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपी “हत्यार काढून देतो” म्हणाला, दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर ते लिहून घेतले आणि त्याने सगळ्यांना उसाच्या फडात नेऊन कोयता काढून दिला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पुडक्यावर लाखेचे सील, आत पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंच म्हणजे बहुधा कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला. काही वर्षांनी तोच पिंजऱ्यात येऊन सांगतो, “माझी सही कोऱ्या कागदावर घेतली होती.” पंच फितूर! त्याला कोण भेटले, काय बोलले, किती दिले? नव्या कायद्याने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. मग फितुरी आता कोणत्या वाटेने येईल? याहून पकड घेणारी गोष्ट कुणाला हवी?

आणि मालमसाला काय कमी आहे? लहान मुले पळवून त्यांचा जीव घेणाऱ्या अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली १९९६ साली पकडल्या गेल्या. आई खटल्याआधीच वारली. दोघींपैकी रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या कोर्टाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये तिची जन्मठेप झाली. बायकोविरुद्ध साक्ष देणारा नवरा, मारल्या गेलेल्या मुलांच्या, तारखा मोजणाऱ्या आया, फायलींवर साचलेली वर्षे. हिंदीत ‘पोशम पा’ नावाचा चित्रपट निघाला, २०१९ मध्ये. या तोडीची मराठी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही, आणि याची मला चीड येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांची अपिले आता इथे चालतात. आमच्या लेखकांनी मागच्या बाकावर जाऊन बसावे, फाशी-जन्मठेपेचे युक्तिवाद ऐकावेत. संपादक सांगतात, कोर्टाचा वाचकाला कंटाळा येतो. साफ खोटे! कंटाळा येतो तो वकील ओरडणाऱ्या, न्यायाधीश हातोडा आपटणाऱ्या सिनेमातल्या कोर्टाचा. आपल्याकडे हातोडा नसतो, तारीख असते. पुढच्या तारखेला साक्षीदार येईल का, आला तर शब्दाला जागेल का, एवढ्यावर वाचक चारशे पाने जागचा हलणार नाही. अशी कादंबरी कुणी आणून दिली, तर यंदाच्या दिवाळी अंकातली परदेशी भाषांतरे काढून तिला जागा द्या.