म्हातारीचें असत्य

भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची कथा महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आली आहे. परंतु ती शाळेच्या पहिल्या इयत्तेंत सांगावी कीं नाहीं, ही शंका अगदींच पोकळ नाहीं. लेकीकडे लठ्ठ होऊन आल्यावर मला खा, असें वचन म्हातारी वाघाला देते आणि पाळीत नाहीं. उलट परततांना म्हातारीशीं आपला संबंधच नाहीं, असें भोपळ्याच्या आडून आणखी एक असत्य बोलते. बहुला गाईच्या पुराणकथेंत गायहि वासराला पाजून परत येण्याचें वचन वाघाला देते, पण तें पाळते. आणि तिचें सत्य पाहून वाघ तिला सोडतो. दोन्ही कथा ऐकणाऱ्या मुलानें काय शिकावें?

रूसोनें १७६२ सालच्या 'एमील' ग्रंथांत ला फाँतेनच्या कावळ्या-कोल्ह्याच्या कथेवर आक्षेप घेतला होता. मुलें कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर प्रेम करूं लागतात, हा त्याचा मुद्दा. त्या कथेपुरता तो आम्हांस रास्त वाटतो. कोल्ह्यावर कसलेंच संकट नसतें. दुसऱ्याच्या तोंडचा घास तेवढा त्याला हवा असतो. म्हातारीला वाघाचें कांहींच घ्यावयाचें नाहीं. तिचें वचन खुषीचें नव्हे, मृत्यूच्या दाढेंत सुचलेलें आहे. सहा वर्षांच्या मुलाभोंवतीं बहुतेक सर्वच त्याच्याहून बलवान असतात. दुबळ्यालाहि बुद्धीनें वाचतां येतें, हा धीर त्याला हवा असतो. बहुलेची कथा थोर खरी, पण तिच्यांतील वाघाला अंतःकरण आहे. भेटेल त्या वाघावर तसा विश्वास ठेवावा, असें कोणता पालक आपल्या मुलास शिकवील?

म्हणून म्हातारीची कथा लहान मुलांना अवश्य सांगावी, असें आमचें मत आहे. मात्र दोन पथ्यें पाळावींत. 'शक्तीहून युक्ति श्रेष्ठ' असें तात्पर्य शेवटीं चिकटवूं नये. तें कोल्ह्यालाहि तितकेंच लागू पडतें. आणि मुलें भितील म्हणून वाघाला सौम्य करूं नये. वाघ प्रेमळ झाला, कीं म्हातारी केवळ खोटारडी उरते.

इतकें करूनहि एखाद्या मुलानें 'म्हातारी खोटें बोलली ना?' असें विचारलें, तर शिक्षकानें त्याला गप्प करूं नये. त्या मुलाला सत्याची चाड आहे, आणि खरा पाठ त्याच्या प्रश्नापासूनच सुरू होतो.