कलेतील प्रेरणा : अनुकरण की संवेग?

विहार बांधण्याचा विषय निघाला की आमच्यापुढे हमखास एक प्रश्न येतो : विहार कशासारखा बांधावा? सांचीच्या स्तूपासारखा, बुद्धगयेच्या महाविहारासारखा, की थायलंडहून आलेल्या दिनदर्शिकेतील चित्रासारखा? आमचे चित्रकार मित्र हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात : अजिंठ्याला जाऊन आम्ही काय आणावे? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. प्रेरणा ही कोठेतरी तयार असलेली वस्तू असून प्रवास करून ती घरी आणता येते, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे.

या चिकित्सेचा आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी एका लहान गावातील बौद्धवाडीचे कार्यकर्ते आमच्याकडे आले होते. लोकवर्गणी जमली होती, जागा ठरली होती. "सर, आपण लेणी पाहिलेली आहेत, आपणच सांगा," असे ते म्हणाले. आम्ही मोठ्या उत्साहाने कार्ल्याच्या चैत्यगृहाची पिंपळपानाच्या आकाराची कमान सुचविली आणि छायाचित्रही दिले. गवंड्याने ती हुबेहूब केली. उद्घाटनाच्या दिवशी पाहतो तो कमान दर्शनी भिंतीवर गिलाव्यात उठविलेली, तिच्यामागे भरीव वीट आणि आत भरदुपारी ट्यूबलाइट! एका वृद्ध उपासिकेने आम्हांला सहज विचारले, की एवढी मोठी खिडकी काढली, मग आत उजेड का येत नाही? कार्ल्याची कमान ही मुळात शोभेची वस्तू नाही. तिच्यातून आलेला प्रकाश स्तंभांच्या दोन रांगांमधून स्तूपापर्यंत पोहोचतो, यासाठी ती आहे. गावाला आम्ही तिचा आकार दिला आणि कारण द्यावयाचे विसरलो. दोष गवंड्याचा नव्हता.

पालि वाङ्मयात कलानिर्मितीविषयी स्वतंत्र शास्त्रग्रंथ नाही. तथापि या प्रश्नावर प्रकाश टाकणारी स्थळे त्यात आहेत. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी श्रद्धावान कुलपुत्रासाठी चार स्थाने सांगितली : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि परिनिर्वाणाचे. या स्थानांना दोन विशेषणे लावलेली आहेत. ती 'दस्सनीय' आहेत आणि 'संवेजनीय' आहेत. पाहण्याजोगी असणे एवढेच पुरेसे नाही, ती पाहणाऱ्याला हलविणारी असली पाहिजेत. 'संवेग' म्हणजे चित्ताला बसणारा हादरा. त्या हादऱ्याने मनुष्य भांबावून जात नाही, जागा होतो. संवेगाच्या जोडीला 'पसाद' येतो, म्हणजे चित्ताची प्रसन्न स्वच्छता. महावंसकाराने आपल्या ग्रंथाच्या प्रत्येक परिच्छेदाच्या अखेरीस हेच दोन हेतू नोंदविले आहेत. बौद्ध दृष्टीने प्रवासाची आणि कलेची कसोटी शोधावयाची तर ती या दोन शब्दांतच शोधली पाहिजे.

दुसरे स्थळ संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील. भगवान भिक्खूंना 'चरण' नावाच्या चित्राविषयी विचारतात. अट्ठकथेनुसार हे फिरते चित्र होते. कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे पटावर रंगवून काही लोक ते गावोगाव दाखवीत हिंडत. आपल्याकडील चित्रकथींची येथे सहज आठवण होते. ते चित्रही चित्तानेच कल्पिलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विविध आहे, असे भगवान सांगतात. याचा अर्थ कलावंताने नीट ध्यानात घ्यावा. चित्राचे उगमस्थान दुसरे चित्र नव्हे, चित्त आहे. दुसऱ्याचे चित्र पाहून आपले चित्त हलले तरच नवे चित्र निर्माण होईल. ते हलले नाही तर केवळ नक्कल हाती लागेल.

ही कसोटी हाती घेऊन अजिंठ्याची वाट चाललेल्या चित्रकारांकडे पाहू. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घातली. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा केले. त्यांतील पुष्कळ चित्रेही १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाली. या परिश्रमांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु छतावरील कमळे, हंस आणि वेलबुट्ट्या यांकडे कलाशाळेची दृष्टी मुख्यतः नक्षीकामाचे नमुने म्हणून होती. नमुना कोठेही लागू पडतो, म्हणूनच तो कोठलाच राहत नाही.

सोळाव्या लेण्यातील एका प्रसिद्ध चित्राला याच काळात 'मरणासन्न राजकन्या' असे नाव रूढ झाले. ग्रिफिथ्स यांनी त्यातील करुणरसाची मुक्त प्रशंसा केली. अभ्यासकांनी पुढे ते चित्र नंदाच्या कथेतील असल्याचे दाखविले. पतीने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता कळून कोसळलेली ही पत्नी आहे. त्याचा मुकुट घेऊन आलेला सेवक तेथेच उभा आहे. अश्वघोषाच्या काव्यात तिचे नाव सुंदरी असे येते. पालि परंपरेतील नंदकथेत जनपदकल्याणी आहे. कथा कळताच चित्र बदलते. येथे मृत्यू नाही. एकाची मुक्ती आणि त्याच क्षणी दुसरीचा विरह, असा हा अवघड प्रसंग आहे. चित्रकाराने मुक्तीची थोरवी गाताना विरहाची किंमत लपविली नाही. कथा न जाणता केवळ कारुण्याची नक्कल करणाऱ्याच्या हाती या विचारातले काहीच लागत नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण अजिंठ्यास गेले. त्यांना तेथे नमुन्याहून अधिक काही मिळाले. त्यांना एक आदर्श मिळाला. पण आदर्शाचाही साचा होतो. अर्धोन्मीलित डोळे, लांबट बोटे आणि धूसर रंग यांची पुढे बंगालमध्ये इतकी आवृत्ती झाली, की अजिंठ्याचा जोम त्यातून नाहीसा झाला. स्वतः नंदलाल मात्र तेथे थांबले नाहीत. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेल्या चित्रांत कारागीर, वादक आणि शेतकरी ठळक, वेगवान रेषेत उभे राहिले. त्या रेषेचा आत्मविश्वास भित्तिचित्रांचा आहे आणि विषय डोळ्यांपुढच्या लोकांचा आहे. पाहिलेली गोष्ट पचून पुन्हा हातातून उतरावयास कित्येकदा पाव शतक लागते, हे यावरून दिसते.

अमृता शेरगिल यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बुडापेस्टमध्ये १९१३ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या या चित्रकर्तीने १९३६-३७ च्या प्रवासात अजिंठा व वेरूळ पाहिले आणि तेथून ती दक्षिणेत गेली. परतल्यावर १९३७ मध्ये तिने तीन मोठी चित्रे रंगविली : वधूचा साजशृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दक्षिणेतील ग्रामस्थ. या तिहींपैकी एकातही बुद्ध नाही, जातककथा नाही. तरीही माणसांचे गट बांधण्याची रीत, गेरू आणि तपकिरी रंगांची ऊब, छायाप्रकाशाचे नाटक टाळून आकारांना दिलेले वजन, हे सारे अजिंठ्याने शिकविलेले आहे. तिने अजिंठ्याचे विषय उचलले नाहीत. अजिंठ्याचे चित्रकार आपल्या भोवतालच्या माणसांकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर तिने घेतली. कलेच्या दृष्टीने यालाच आम्ही प्रेरणा म्हणतो.

येथे आमचा एक आक्षेपही नोंदविला पाहिजे. जानवे घातलेल्या बटूंचा समूह आणि बाजाराला निघालेले काळेसावळे, कृश ग्रामस्थ या दोहोंकडे ही चित्रे एकाच उदास सौंदर्यदृष्टीने पाहतात. एकाला वेदाध्ययनाचा अधिकार आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे, हे कोणत्या व्यवस्थेमुळे, हा प्रश्न त्या दृष्टीला पडत नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराला कर्म, दान आणि त्याग यांची नैतिक चौकट होती. ती चौकट मागे राहिली आणि केवळ रूप पुढे आले. चित्रांचे मोठेपण यामुळे उणावत नाही. पण पसाद आला आणि संवेग अर्धाच राहिला, एवढे म्हणणे भाग आहे.

अनुकरण सर्वथा वर्ज्य, असे मात्र आमचे म्हणणे नाही. भाजे येथील चैत्यगृह पाहा. दगडात कोरलेले स्तंभ आतल्या बाजूस कललेले आहेत. दगडाला त्याची गरज नव्हती. लाकडी इमारतीला होती. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. म्हणजे आमचे पूर्वज अनुकरणच करीत होते. पण ज्या घरात संघ प्रत्यक्ष जमत असे, त्या घराचे ते अनुकरण होते. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट येथील वेणुवासपुत्र सामि नावाच्या सुताराची नोंद आहे. द्वाराचे काम त्याचे. दोन हजार वर्षे टिकलेले ते नाव राजाचे नाही, हाताने काम करणाऱ्याचे आहे, हे आमच्या वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

आपल्या काळात या कसोटीला उतरणारी वास्तू म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप सांगता येईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेथे वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. बाह्यरूप सांचीचे आहे, हे कोणीही ओळखेल. पण सांचीचा स्तूप भरीव आहे. उपासक त्याच्याभोवती फिरतो. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. उपासक त्याच्या आत येतो. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या उंबरठ्याबाहेर उभे केले, त्यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूने आत घेणे, ही केवळ बांधकामाची युक्ती नव्हे. जुन्या आकाराला नव्या समाजाच्या गरजेने दिलेले ते उत्तर आहे.

धम्माला चित्र-शिल्पांची गरज काय, असाही प्रश्न कोणी करील. विसुद्धिमग्गात कुरण्डक महालेण्यातील चित्तगुत्त थेरांची कथा आहे. सात बुद्धांच्या अभिनिष्क्रमणाची मनोहर चित्रे डोक्यावर असताना साठांहून अधिक वर्षे त्यांनी मान वर केली नव्हती. पाहुण्या भिक्खूंनी चित्रांची प्रशंसा केली तेव्हा, डोळे असणाऱ्यांमुळे आज हे कळले, असे ते म्हणाले. दाराशीच्या नागवृक्षाला बहर आल्याचे त्यांना खाली पडलेल्या पाकळ्यांवरून कळे. इंद्रियसंयमाचा हा आदर्श आम्हांस वंदनीय आहे. परंतु ती चित्रे संघाच्याच लेण्यात होती, हेही त्याच कथेतून कळते. थेरांना त्यांची गरज नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना होती. आम्ही बहुतेक जण येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीच आहोत.

शेवटी महावंसातील एक प्रसंग. अनुराधपुरात महाथूप बांधताना दुट्ठगामणी राजाने प्रमुख कारागिराला विचारले, की स्तूप कोणत्या आकाराचा करशील? कारागिराने सोन्याचे पात्र पाण्याने भरविले, ओंजळीतले पाणी त्यावर सोडले. स्फटिकाच्या अर्धगोलासारखा मोठा बुडबुडा उठला. असा करीन, असे तो म्हणाला. राजाने त्याचा सन्मान केला. पालि सुत्तांत बुडबुडा ही वेदनेच्या क्षणभंगुरतेची उपमा आहे. अनित्यतेचा आकार घेऊन दीर्घकाळ टिकावयाची वास्तू बांधणाऱ्या त्या कारागिराने कोणत्याही स्तूपाचा नमुना मागितला नाही. तो आपल्या हातातल्या पाण्याकडे पाहत होता.

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो आणि आमची चूक कार्यकर्त्यांपुढे कबूल केली. त्यांनी कमानीमागची वीट काढून तेथे जाळी बसविली आहे. सकाळच्या वंदनेला आता दिवा लावावा लागत नाही. आमच्या तरुण कलावंतांनी अवश्य प्रवास करावा, लेणी पाहावीत, परदेशातील विहारही पाहावेत. परंतु कमानीचे माप वहीत उतरविण्यापूर्वी, तिच्यातून उजेड कोठे पडतो, हे तेथे थोडा वेळ बसून पाहावे.