'वाहक' ही संज्ञा : लोह-गंधक प्रथिनांच्या संदर्भात

लोह-गंधक प्रथिनांना सरसकट 'इलेक्ट्रॉन-वाहक' म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा सोयीची असली, तरी ती कितपत यथार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. वाहक म्हटले की, ओझे नेणारा व त्या ओझ्याने स्वतः न बदलणारा, असा अर्थ सूचित होतो. प्रस्तुत प्रथिनांची रचना त्यास दुजोरा देत नाही.

वनस्पतींच्या फेरेडॉक्सिनमध्ये २ लोह व २ गंधक अणूंचा पुंज ४ सिस्टीनांनी प्रथिनाशी बांधलेला असतो. आलेला इलेक्ट्रॉन मुख्यतः एकाच लोहाणूवर स्थिरावतो. ४ लोह व ४ गंधक यांच्या घनाकृती पुंजात मात्र लोहाणूंच्या जोडीत इलेक्ट्रॉन विभागलेला असतो. तेथे ओझे आणि वाहक हा भेदच पुसट होतो.

याहून महत्त्वाचे असे की, हाच घन जिवाणूंच्या फेरेडॉक्सिनमध्ये सुमारे -४००, तर क्रोमॅशियमच्या उच्च-विभव प्रथिनात सुमारे +३५० मिलिव्होल्ट विभव दाखवतो. कार्टर प्रभृतींच्या १९७२ च्या उपपत्तीनुसार मधली अवस्था दोहोंत समानच; पहिल्यात तीत इलेक्ट्रॉनाची भर पडते, दुसऱ्यात तो वजा होतो. कोणता मार्ग खुला, हे ठरते भोवतालच्या प्रथिनघडीने, तिच्यातील हायड्रोजन-बंधांनी आणि पाण्याच्या सान्निध्याने. शब्दाचा अर्थ वाक्यात निश्चित होतो, त्यासारखाच हा प्रकार होय.

शिवाय अॅकोनिटेजमधील असाच पुंज इलेक्ट्रॉनाची ने-आण करीत नाही; तो सायट्रेटचे आयसोसायट्रेटात रूपांतर घडवून आणतो. सारांश, 'लोह-गंधक' ही घटकवाचक व 'वाहक' ही कार्यवाचक संज्ञा होय. त्या परस्परांचे पर्याय म्हणून योजल्यास विद्यार्थ्यास नाव कळेल, कार्य कळणार नाही.