वॉर्प ड्राइव्हचं भाडं कोण भरतं?

धाराशिवहून पुण्याला रात्रीच्या एसटीनं यायला मला सहाएक तास लागतात. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी एक मिलिसेकंदही लागत नाही. पण सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत, पोचायला त्याच प्रकाशाला ४.२ वर्षं लागतात. विज्ञानकथाकाराची अडचण इथूनच सुरू होते. ताऱ्याताऱ्यांमध्ये युद्धं आणि व्यापार दाखवायचा, तर ही वेगमर्यादा कुठंतरी मोडावी लागते.

‘स्टार वॉर्स’नं त्यासाठी हायपरस्पेस आणलं, ‘स्टार ट्रेक’नं वॉर्प ड्राइव्ह. यान अवकाशातून धावण्याऐवजी अवकाशच पुढं आकसलं आणि मागं पसरलं तर? मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४मध्ये दाखवलं, की आइनस्टाइनच्या समीकरणांत हे बसतं. फक्त त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि तेवढी ती आणायची कुठून हे कुणाला माहीत नाही.

पण वाचक म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. या वेगाचं भाडं कोण भरतं? ‘स्टार वॉर्स’मध्ये बहुतेक वेळा कुणीच नाही, लिव्हर ओढला की पोचलो. ‘ड्यून’मध्ये सुरक्षित वाट दिसण्यासाठी नॅव्हिगेटरला स्पाइस लागतो, तो एकाच ग्रहावर मिळतो, आणि सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं. भाडं ठरलं, म्हणून गोष्ट उभी राहिली.

मराठीत हे भाडं जयंत नारळीकरांनी १९७४मध्येच मांडलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! कथेला बक्षीस मिळालं. तिच्यात प्रकाशाचा वेग ओलांडलेला नाही. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, एवढ्यावर ती उभी आहे. प्रवाशाची थोडी वर्षं जातात, पृथ्वीवरची बरीच.

मला ही निवड जास्त प्रामाणिक वाटते. सापेक्षतेच्या नियमांत प्रकाशापेक्षा वेगानं निरोप पाठवता आला, तर तो निघण्याआधी पोचण्याची वेळ येऊ शकते. सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टच्या आधी उत्तर दिसावं, तसं. मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ला अर्थ उरत नाही, आणि पश्चात्तापालाही नाही.

तक्रार आहे ती पुढची. नारळीकरांच्या कथांत भाड्याचा हिशोब चोख असतो, पण ते भरणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर फारशी थांबत नाही. समजावून सांगण्यातच बरीच जागा जाते. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) चाळीस वर्षांनी त्याच भौतिकीपाशी आला. त्यात कूपर २३ वर्षांचे साठलेले व्हिडिओ मेसेज बघत रडतो. आपल्याकडे गणित आधीच होतं, हे रडणं लिहायचं राहिलं.

२० मे २०२५ला नारळीकर गेले. त्यांच्या पुढं जायचं तर आपल्याला आणखी वेगवान यान नको आहे. घरी फोन लावला की आवाज क्षणात पोचतो. दिवाळीला गाडीतून उतरलो की घ्यायला आलेले वडील दर वर्षी एका वर्षापेक्षा जास्त थकलेले दिसतात. ती कथा लिहायला भौतिकीचा एकही नियम मोडावा लागणार नाही.