शब्द पुढे की वाद्यं? गाण्याच्या मिक्सिंगचा एक विचार

गाणं ऐकून झाल्यावर आपण सहज म्हणतो, "चाल छान आहे, पण शब्द काही कळले नाहीत." दोष कुणाचा? बहुतेक वेळा बोट मिक्सिंग करणाऱ्याकडे जातं. आज आपण हे बोट थोडं बाजूला वळवून बघू.

सुरुवात जुन्या ध्वनिमुद्रणापासून करू. एकाच मायक्रोफोनवर सगळं घ्यायचं, तेव्हा मिक्सिंगचं टेबल म्हणजे खोलीतली जमीन. गायक जवळ, व्हायोलिन मागे, तालवाद्य आणखी लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे खुर्ची सरकवली की समतोल बदलला! पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालेलं गीतरामायण आठवा. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल, छप्पन्न गाणी, आणि साथ मोजक्या वाद्यांची. शब्दाला जागा आधीच मोकळी ठेवलेली होती. ती नंतर कुणाला करून द्यावी लागली नाही.

आता ट्रॅक कितीही घेता येतात, आणि अडचण तिथेच सुरू होते. मराठीतला 'स', 'च', 'ट' ओळखू येतो तो वरच्या कंपनांमुळे. साधारण २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा शब्द कळण्यासाठी फार महत्त्वाचा. आपला कानही तिथे तीक्ष्ण असतो. पण व्हायोलिनचा ताफा, हार्मोनियमचे वरचे स्वर, झांज, गिटार, सगळ्यांना तीच जागा हवी असते. एक आवाज दुसऱ्याला झाकतो. मग गायकाचा फेडर वर, त्यावर वाद्यांचा वर, पुन्हा गायकाचा. शेवटी सगळंच मोठं होतं आणि ऐकू काहीच येत नाही.

इथे 'सैराट'चं उदाहरण घेऊ. २०१६चा चित्रपट, संगीत अजय-अतुल यांचं, आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला. एवढा मोठा ताफा असूनही 'याड लागलं' गावोगावी लोकांच्या तोंडी शब्दांसकट बसलं. आमच्या मते याचं श्रेय फक्त फेडरला नाही. वाद्यवृंद उसळतो तो मुख्यतः गळा थांबतो तेव्हा. ओळ सुरू झाली की तो अंग चोरून उभा राहतो. हा निर्णय मिक्सिंगच्या खोलीत नव्हे, स्वरलेखनाच्या कागदावर होतो. उलट 'झिंगाट'मध्ये ठेका शब्दाच्या खांद्याला खांदा लावून आहे, आणि तेही बरोबरच आहे. ते नाचायचं गाणं आहे.

तक्रार आहे ती नंतरच्या नकलांबद्दल. मोठा ताफा उचलला, पण ताफ्याचं थांबणं उचललं नाही. ओळीखाली व्हायोलिन, ओळीवर बासरी, दोन ओळींच्या मधेही विसावा नाही.

अर्थात उलटी चूकही होते. गळा इतका वर ठेवतात की वाद्यं शेजारच्या खोलीत वाजत असावीत असं वाटतं. कराओकेवर कुणी गातंय असा भास. ढोलकीवाल्याचं बोट जिथे बोलतं, तिथे त्याला बोलू दिलं पाहिजे. साथ म्हणजे सतरंजी नव्हे.

मग करायचं काय? फेडरला हात लावण्याआधी विचारा, या ओळीत कोण बोलतंय? बाकीच्यांना थोडं गप्प करा. वाद्यांच्या त्या पट्ट्यातून दोन-तीन डेसिबल काढले तरी गळा वर न चढवता पुढे येतो. आवाज अगदी हळू करून ऐका. हळू ऐकताना खर्ज आधी हरवतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलंय. तेव्हाही शब्द कळले तर समतोल जमला म्हणा. मग मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐका. कारण तुमचं गाणं तिथेच, भांडी घासताना, एसटीच्या खिडकीशी ऐकलं जाणार आहे.

आणि शेवटी गाणं माहीत नसलेल्या एखाद्याला ऐकवा. आपल्याला शब्द पाठ असतात, म्हणून ते ऐकू आल्यासारखे वाटतात. सगळ्यात जास्त फसतो तो आपलाच कान. कवीने रात्र जागून निवडलेला शब्द झांजेखाली गेला, तर तो श्रोत्यासाठी लिहिलाच गेला नाही. एवढं ध्यानात ठेवू आणि थांबू.