फादर स्टीफन्स यांचे पित्यास पत्र

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव निघाले की मराठी वाचकाला १६१६ साली गोव्यात छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ आठवते. त्याच्या ओव्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ओवी हाती घेण्याच्या कितीतरी आधी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, या कवीने गोव्याहून आपल्या वडिलांना इंग्रजीत एक दीर्घ पत्र लिहिले. हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापले गेले आणि टिकले. अभ्यासक ते सागरी सफरीचे वर्णन म्हणून वाचतात. आम्हांस त्यात मिशनकार्यास गेलेल्या मुलाने घरच्यांच्या भीतीला दिलेले उत्तर दिसते.

पत्र वडिलांचा आशीर्वाद मागून सुरू होते. आईलाही नमस्कार जातो. घर सोडण्याचे कारण एकाच शब्दात येते : आज्ञापालन. त्यानंतर उपदेश नाही, हकिकत आहे. ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजे निघाली, ती २४ ऑक्टोबरला गोव्यास लागली. वाटेत वारा पडला, हिरड्या व पाय सुजवणारा आजार जहाजावर पसरला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. आपण मात्र देवाच्या कृपेने धडधाकट राहिलो, असे मुलगा नम्रपणे नोंदवतो.

पित्याची केवळ समजूत काढायची असती, तर मृतांचा आकडा त्याने गाळला असता. स्टीफन्स तो गाळत नाहीत. देवाने प्रकृती राखली तर पुन्हा लिहीन, एवढेच ते सांगतात. परतण्याचे वचन देत नाहीत. संकट पुरते सांगून मग देवाचे आभार मानणे, हेच या पत्राचे खरे सामर्थ्य होय.

तरीही एक उणीव जाणवते. आज्ञापालनाचे व्रत मुलाचे होते, आईबापांचे नव्हते. मागे राहिलेल्यांनी विश्वास कसा धरावा, याचे उत्तर एका शब्दात मावत नाही. ते स्टीफन्स यांच्या मित्राच्या आयुष्यात शोधावे लागते. थॉमस पाउंड त्यांच्यासोबत रोमला निघणार होते. ते इंग्लंडातच पकडले गेले आणि कॅथलिक श्रद्धेपायी त्यांची सुमारे तीस वर्षे बंदिवासात गेली. मूल घरी राहिले म्हणजे सुरक्षित राहिले, हा आपल्या भीतीचा पायाच मुळी कच्चा आहे.

आम्हा भिवंडीकरांना जवळच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ठाऊक आहेत. १५९७ साली नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. त्यांच्या सणाला आपण त्यांचे धैर्य गातो. वसईच्या त्या मातेचा विचार क्वचितच करतो. आजही एखाद्या घरातून मुलगा वा मुलगी मिशनकार्यास निघते, तेव्हा आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून “विश्वास ठेवा” असे चटकन म्हटले जाते. हे पत्र आपणांस तशी घाई करू देत नाही.

स्टीफन्स परतले नाहीत. चाळीस वर्षे येथे राहून १६१९ साली ते गोव्यातच निवर्तले. म्हणजे पित्याची भीती खोटी नव्हती. पण ती खरी ठरली म्हणून देवाने त्यांना टाकले, असेही झाले नाही. ‘ख्रिस्तपुराण’ वाचणाऱ्यांनी हे पत्रही वाचावे. त्या ओव्यांसाठी एका घराने काय दिले, ते त्यातून कळते.