निरीक्षण, व्यक्तिरेखा आणि निरीक्षकाचे स्थान

प्रत्यक्षातील माणसावरून घडविलेल्या व्यक्तिरेखेचे मूल्यमापन बहुधा तपशिलांच्या अचूकपणावरून केले जाते. वेश, बोली, लकबी जितक्या हुबेहूब, तितकी व्यक्तिरेखा जिवंत, असे गृहीत धरले जाते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि महादेवी वर्मा यांचे ‘स्मृति की रेखाएँ’ (१९४३) एकत्र वाचले असता हे गृहीतक अपुरे ठरते. या दोन्ही ग्रंथांत निरीक्षकाची नजर कोठे तोकडी पडते, हेही व्यक्तिचित्रणाचाच भाग होते.

‘धर्मा रामोशी’मध्ये निवेदक धर्माला धोतर देतो. पुढे ते धर्माच्या मुलीच्या अंगावर लुगड्यासारखे नेसलेले दिसते. निवेदकाला बापाची उणीव दिसली होती; मुलीची दिसली नव्हती. माडगूळकर या दृश्यावर भाष्य करीत नाहीत. देणाऱ्याच्या सद्भावनेला पडलेली मर्यादा वाचकाने स्वतःच ओळखावयाची असते.

महादेवींच्या ‘भक्तिन’मध्ये हा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. सेविकेचे मूळ नाव लछमिन. नाव आणि नशीब यांतील विसंगतीमुळे ते वापरू नये, अशी तिची विनंती असते. म्हणून गळ्यातील कंठी पाहून लेखिका तिला ‘भक्तिन’ म्हणते. विनंती व्यवहारात पाळली जाते. वाचकाला मात्र ते नाव कळते. निरीक्षणावर आधारित लेखनातील नैतिक पेच याहून स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. तथापि भक्तिन केवळ निरीक्षणाचा विषय राहत नाही. घरात इकडेतिकडे पडलेले पैसे मडक्यात ठेवणे ही चोरी नव्हे, असा तिचा युक्तिवाद असतो. ती स्वतः बदलत नाही. मालकिणीच्या खाण्याच्या सवयी मात्र बदलून टाकते.

माडगूळकरांचा निवेदक मौनातून, तर महादेवींची निवेदिका आत्मोपहासातून आपले वर्चस्व सैल करते. तरीही दोन्हीकडे लेखणी निरीक्षकाच्याच हाती आहे. धर्माने वा भक्तिनने निवेदकाविषयी काय लिहिले असते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) या रचनेलाच छेद जातो. तेथे लेखक दया पवार आणि कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार ही एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अंतर नाहीसे होत नाही. ते एकाच देहात येते. म्हणून निरीक्षणाधिष्ठित व्यक्तिरेखेच्या तौलनिक अभ्यासात ‘किती हुबेहूब?’ या प्रश्नाआधी ‘कोण, कोठून पाहतो?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.